पात्र आणि निवेदक : रिअ‍ॅलिटी शोनंतरच्या प्रसिद्धीची कथनमीमांसा

१

६ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वाची अंतिम फेरी झाली. अखेरीस मंचावर दोन स्पर्धक उरले होते. त्यांपैकी अभिजीत सावंत हे २००५ साली ‘इंडियन आयडॉल’ या गायनस्पर्धेचे पहिले विजेते ठरलेले गायक. दुसरा सूरज चव्हाण हा बारामती तालुक्यातील मोढवे गावचा तरुण. प्रथम टिकटॉकवर आणि त्या माध्यमावर जून २०२० मध्ये बंदी आल्यानंतर इतर माध्यमांवर, काही सेकंदांच्या चित्रफितींतून तो लोकांना माहीत झाला होता. विजेतेपद आणि १४ लाख ६० हजार रुपयांचे पारितोषिक सूरज चव्हाणला मिळाले. सावंत उपविजेते ठरले. दूरचित्रवाणीने निर्माण केलेल्या प्रसिद्धीच्या दोन पिढ्या या प्रसंगी समोरासमोर उभ्या होत्या. एकाच्या वाट्याला आलेली पहिली प्रसिद्धी एकोणीस वर्षांची झाली होती आणि तरीही तिचे पुन्हा एकदा समर्थन करण्यासाठी त्याला त्या घरात यावे लागले होते. दुसऱ्याची प्रसिद्धी नवी होती, आणि ती किती काळ टिकेल हा प्रश्न त्याच रात्री विचारला जाऊ लागला होता.

अशा प्रसिद्धीतून समाजमाध्यमांवरील ‘इन्फ्लुएन्सर’ म्हणून दीर्घकाळ टिकणारे व्यावसायिक आयुष्य उभे राहते काय, आणि राहत असल्यास कशाच्या बळावर, या प्रश्नाची उत्तरे सामान्यतः दोन प्रकारची असतात. एक उत्तर व्यवस्थापनाचे आहे. सातत्य राखावे, आपला प्रेक्षकवर्ग ओळखावा, उत्पन्नाचे अनेक मार्ग ठेवावेत, असे ते सांगते. दुसरे उत्तर नैतिक आहे. ज्याच्यापाशी गुण नाहीत त्याची कीर्ती क्षणभंगुर असणारच, असे ते म्हणते. अमेरिकी इतिहासकार डॅनिएल बुअरस्टिन यांनी साठच्या दशकाच्या आरंभी ‘द इमेज’ या ग्रंथात, केवळ प्रसिद्ध असण्यासाठीच प्रसिद्ध असणाऱ्या व्यक्तींचा जो विचार मांडला त्याचा आधार या दुसऱ्या उत्तराला हमखास घेतला जातो. ही दोन्ही उत्तरे एक गोष्ट गृहीत धरतात : प्रसिद्धी ही त्या व्यक्तीच्या मालकीची वस्तू आहे आणि प्रश्न फक्त ती जपण्याचा अथवा गमावण्याचा आहे.

वस्तुतः रिअ‍ॅलिटी शोमधून मिळणारी प्रसिद्धी ही एका कथनातून निष्पन्न होते, आणि त्या कथनाचा निवेदक प्रसिद्ध होणारी व्यक्ती नसते. ही व्यक्ती त्या कथनातील पात्र असते. म्हणून पुढे टिकण्याचा प्रश्न हा मूलतः पात्राने निवेदक होण्याचा प्रश्न आहे. तो साहित्यसमीक्षेच्या कक्षेबाहेरचा नाही. किंबहुना मराठी साहित्याने तो फार पूर्वी आणि फार गंभीरपणे हाताळला आहे. नगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) दोन उदाहरणे या विचाराला विशेष उपयोगी पडतात. दया पवार यांचे ‘बलुतं’ हे त्यांपैकी एक. हिवरे बाजार या गावाने स्वतःविषयी चालविलेले कथन हे दुसरे. त्यांच्याकडे वळण्यापूर्वी त्या ‘घरा’च्या कथनरचनेचा विचार आवश्यक आहे.

२

‘बिग ब्रदर’ हा कार्यक्रम १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाला. त्याचा हिंदी अवतार २००६ मध्ये आणि मराठी अवतार २०१८ मध्ये आला. या कार्यक्रमाची रचना वरकरणी नाट्याची आहे. तिथे निवेदक दिसत नाही. माणसे बोलतात, भांडतात, रडतात आणि प्रेक्षक ते ‘प्रत्यक्ष’ पाहतो. परंतु दिवसाच्या चोवीस तासांतून सुमारे तासाभराचा भाग निवडला जातो, त्याला क्रम दिला जातो, संगीत जोडले जाते आणि आठवड्याच्या शेवटी सूत्रसंचालक येऊन घडलेल्या प्रसंगांचा अर्थ लावून देतो. घरात ऐकू येणारा ‘बिग बॉस’चा आवाज हे या व्यवस्थेचे केवळ दृश्य, खरे तर श्राव्य, टोक आहे. निवड, क्रम आणि भाष्य ही निवेदकाची तिन्ही कार्ये इथे पूर्णपणे पार पाडली जातात. फक्त निवेदक स्वतःला लपवितो.

पात्राच्या दृष्टीने या रचनेचे वैशिष्ट्य असे, की आपल्याविषयी काय सांगितले जात आहे हे त्याला कळत नाही. कादंबरीतील पात्रालाही ते कळत नाही, परंतु कादंबरीतील पात्राला ग्रंथ मिटल्यानंतर जगावे लागत नाही. इथले पात्र सत्तर किंवा शंभर दिवसांनी बाहेर येते आणि आपल्याच नावाने प्रचलित झालेली एक संहिता त्याच्यापुढे येते. तो भोळा आहे, ती कपटी आहे, हा रागीट आहे, अशी विशेषणे तोवर पक्की झालेली असतात. मिखाईल बाख्तिन यांनी दोस्तोव्हस्कीवरील ग्रंथात (१९२९, सुधारित आवृत्ती १९६३) माणसाला त्याच्या अपरोक्ष ‘पूर्ण’ करून टाकण्याच्या प्रवृत्तीचा विचार केला आहे. दोस्तोव्हस्कीचा नायक आपल्याविषयी इतरांनी उच्चारलेल्या अंतिम शब्दाविरुद्ध झगडतो, कारण जिवंत माणूस कधीही संपलेला नसतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. रिअ‍ॅलिटी शो नेमका हा अंतिम शब्द उच्चारतो, आणि तोच शब्द त्या माणसाचे भांडवलही बनतो. पेच इथेच आहे. ज्या विशेषणाने त्याला बंदिस्त केले, त्याच विशेषणासाठी लोक त्याला पाहतात. ते नाकारले तर प्रेक्षक जातो. स्वीकारले तर माणूस त्यातच अडकतो.

३

या पेचातून निघण्याचे जे मार्ग मराठी अनुभवात दिसतात त्यांपैकी एक म्हणजे पात्राने एका कथनातून दुसऱ्या कथनात जाणे. अमरावतीचे शिव ठाकरे ‘रोडीज’मधून पुढे आले, २०१९ मध्ये ‘बिग बॉस मराठी’च्या दुसऱ्या पर्वाचे विजेते झाले, २०२३ मध्ये हिंदी ‘बिग बॉस’च्या सोळाव्या पर्वाचे उपविजेते ठरले, आणि त्यानंतर साहसाच्या व नृत्याच्या स्पर्धांमध्येही सहभागी झाले. या प्रवासात चिकाटी आहे, कौशल्यही आहे, आणि लहान शहरातील मुलासाठी त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. कथनदृष्ट्या मात्र प्रत्येक नवा कार्यक्रम हा नवा निवेदक असतो. पात्र तेच राहते, त्याची विशेषणे पुढच्या घरात सोबत जातात, आणि समाजमाध्यमांवरील खाते हे दोन कार्यक्रमांमधील काळ भरून काढणारे पुरवणीपान होण्याचा धोका संभवतो. आयुष्य टिकते, पण मालिकेतील पात्र टिकते तसे : पुढचा भाग कोणी तरी लिहावा लागतो.

दुसरा मार्ग ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’च्या २००८-०९ मधील पर्वाने दाखविला. कार्तिकी गायकवाड, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, आर्या आंबेकर आणि रोहित राऊत या पाच मुलांना त्या वेळी महाराष्ट्राने जवळजवळ कुटुंबीय म्हणून स्वीकारले. बालकलाकाराला लाभलेल्या अशा लाडाचे पुढे काय होते याचे दाखले फारसे आशादायक नाहीत. तरीही २०२१ मध्ये त्याच कार्यक्रमाच्या नव्या पर्वात ही पाचही मुले परीक्षकांच्या आसनावर होती. ज्या कथनात ती पात्रे होती त्याच कथनात इतरांविषयी बोलण्याचा अधिकार त्यांना मिळाला. याचे श्रेय वाहिनीच्या स्मरणरंजनाला देता येईल, परंतु ते पुरेसे ठरणार नाही. मधल्या बारा वर्षांत अभंग, नाट्यपद, भावगीत, चित्रपटगीत अशा परंपरांमध्ये त्यांचे काम चालू होते. कार्तिकीच्या मागे आळंदीचे भजनी वातावरण आणि वडिलांचे गायन होते; आर्याला आईकडूनच शास्त्रीय संगीताची तालीम मिळत होती. या परंपरांना स्वतःचे प्रेक्षागृह आहे, स्वतःचा कालक्रम आहे आणि मुख्य म्हणजे स्वतःची कसोटी आहे. सूर लागला की नाही हे वाहिनी ठरवीत नाही. कथनाबाहेरची ही कसोटी उपलब्ध असल्यामुळे त्या मुलांना विशेषणांच्या पलीकडे वाढता आले. आज त्यांपैकी कोणी समाजमाध्यमांवर स्वतःचे गाणे वा संसारातील क्षण मांडते तेव्हा ती मांडणी या कामाच्या आधाराने उभी असते.

४

तिसरा मार्ग पात्राने स्वतः निवेदक होण्याचा. आणि इथे ‘बलुतं’ची आठवण अपरिहार्य होते. नगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील धामणगावात जन्मलेल्या दया पवार यांचे हे आत्मकथन १९७८ मध्ये ‘ग्रंथाली’ने प्रकाशित केले. त्याच्या चौकटीत दगडू मारुती पवार आणि दया पवार अशा दोन व्यक्ती आहेत. एक आपली हकीकत सांगतो, दुसरा ती ऐकतो. आणि दोघे एकच आहेत. फिलिप लेजन यांनी १९७५ मध्ये आत्मचरित्राची व्याख्या करताना लेखक, निवेदक आणि पात्र यांच्या एकत्वाचा जो ‘करार’ वाचकाशी होतो त्यावर भर दिला. ‘बलुतं’ हा करार मोडत नाही, पण त्यातील ताण उघड करते. ज्याला समाजाने एका नावाने, एका जागी ‘पूर्ण’ करून टाकले होते तो दगडू, आणि लेखक म्हणून नाव मिळविलेला दया पवार, यांच्यातील अंतर हीच त्या कथनाची शक्ती आहे. पात्राला निवेदक व्हायचे असेल तर त्याने आपल्या पात्रपणाकडे पाहण्याइतके अंतर निर्माण केले पाहिजे, हे त्या रचनेतून स्पष्ट होते. दलित आत्मकथनांतील वेदना आणि करमणुकीच्या बाजारातील प्रसिद्धी यांची बरोबरी इथे अभिप्रेत नाही. तुलना आहे ती केवळ निवेदनाच्या अधिकाराची.

सूरज चव्हाणचे उदाहरण या कसोटीवर पाहिले तर ते रूढ समजापेक्षा वेगळे दिसते. रिअ‍ॅलिटी शोने त्याला काहीही नसताना प्रसिद्धी दिली, हे खरे नाही. घरात जाण्यापूर्वी तो निवेदकच होता. आपल्या छोट्या चित्रफितींमध्ये कोणता हावभाव करायचा, कोणता शब्द कसा ओढायचा, कोठे थांबायचे हे तो ठरवीत असे. ‘झापुक झुपूक’ यांसारखे त्याचे शब्द कोशात नसले तरी त्यांना लय आहे, आणि ती लय तमाशातील सोंगाड्याच्या बोलण्याशी नाते सांगते. सोंगाड्या वेडगळपणाचे सोंग घेतो, पण सोंग घेणाराही तोच असतो. प्रेक्षक हसतो तेव्हा कोणावर हसतो हे शेवटपर्यंत निश्चित होत नाही. शहरी प्रेक्षकाने सूरजच्या चित्रफिती कुचेष्टेने पाहिल्या असतील, परंतु त्यांतील खेळाची सूत्रे त्याच्याच हाती होती.

घराने ही सूत्रे काढून घेतली. सत्तर दिवसांच्या कथनात तो ‘गरीब, पोरका, साधा’ मुलगा म्हणून उभा राहिला. लहानपणीच हरपलेले आईवडिलांचे छत्र, वाचनलेखनातील अडचण, घरची ओढाताण या सर्व गोष्टी खऱ्या होत्या. त्या खऱ्या असल्यामुळेच हे विशेषण अधिक घट्ट बसले. मराठी मध्यमवर्गाच्या करुणेला हवा असलेला ग्रामीण बहुजन नायक तिला मिळाला : कष्टाळू, निरुपद्रवी आणि कृतज्ञ. सोंगाड्याचा उपहास करण्याचा अधिकार त्याच्यापाशी उरला नाही. अंतिम फेरीच्या वेळीच त्याला घेऊन चित्रपट काढण्याची घोषणा झाली आणि २५ एप्रिल २०२५ रोजी ‘झापुक झुपूक’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शक केदार शिंदे हे त्या वाहिनीच्या कार्यक्रमविभागाचीही धुरा सांभाळत होते. संधी देण्यामागील सद्भाव नाकारण्याचे कारण नाही. परंतु कथनमीमांसेच्या दृष्टीने ही घटना बोलकी आहे. शीर्षक सूरजच्या शब्दांचे, नायक सूरज, आणि निवेदक मात्र पुन्हा तोच, ज्याने त्याला घरात पात्र केले होते. ज्या शब्दांचा तो कर्ता होता तेच शब्द आता त्याच्याविषयीच्या कथनाचे नाव झाले.

याच्या उलट बाजूला दादा कोंडके यांचे स्मरण होते. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने त्यांना नाव दिले. तेही एका अर्थाने दुसऱ्याने लिहिलेले पात्रच होते. पण १९७१ मध्ये आलेला ‘सोंगाड्या’ त्यांनी स्वतः निर्मिला, आणि पुढील चित्रपटांमध्ये भोळ्या नायकाचे सोंग कायम ठेवूनही त्या सोंगाची मालकी त्यांनी सोडली नाही. भोळेपणा हा त्यांचा स्वभाव म्हणून नव्हे, तर त्यांची भूमिका म्हणून प्रेक्षकांना माहीत झाला. अभिरुचीच्या अंगाने त्या चित्रपटांविषयी कोणतेही मत असो, पात्रपण हे उत्पादनाचे साधन आहे हे त्यांनी ओळखले होते. समाजमाध्यमांवरील खाते हे तत्त्वतः असेच साधन होऊ शकते, कारण तिथे निर्मिती, चित्रण आणि वितरण एकाच हाती येतात. मात्र या मालकीलाही मर्यादा आहे. काय किती जणांपुढे न्यायचे हे माध्यमाची गणनपद्धती ठरविते, आणि एका शासकीय आदेशाने संपूर्ण रंगमंच नाहीसा होऊ शकतो, हे २०२० च्या बंदीने हजारो ग्रामीण कलाकारांना दाखवून दिले.

आणखी एका अंगाने हे निवेदन लेजन यांच्या कराराला सामोरे जाते. इन्फ्लुएन्सर ‘मी हे वापरतो’ असे म्हणतो तेव्हा तो आत्मकथन करतो की मोबदला घेऊन दिलेले संवाद म्हणतो, हे प्रेक्षकाला कळत नाही. जाहिरातक्षेत्राच्या स्वनियमन परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून अशा मजकुरावर तो जाहिरात असल्याचे स्पष्ट नमूद करणे आवश्यक ठरविले. वाचकाशी होणारा जो करार साहित्यात अलिखित असतो तो इथे नियमाने लिहून घ्यावा लागला. यातून टिकाऊपणाविषयीही एक सूचन मिळते. विश्वास हे या व्यवसायाचे मूळ द्रव्य आहे, आणि प्रत्येक सशुल्क ‘मी’ त्या द्रव्यातून खर्च होतो. ते पुन्हा भरून येण्यासाठी कथनाबाहेर काही तरी असावे लागते.

५

हे ‘काही तरी’ म्हणजे काय, याचे उत्तर हिवरे बाजारच्या उदाहरणातून अधिक स्पष्ट होते. व्यक्तीकडून गावाकडे जाण्याचे कारण असे, की कॅमेऱ्याने घडविलेले पात्रपण आणि स्वतःचे निवेदन यांतील तोच ताण या गावानेही अनुभवला आहे, आणि तो दीर्घकाळ पेलला आहे. नगर तालुक्यातील पर्जन्यछायेतले हे गाव १९७२ च्या दुष्काळानंतर उजाड होत गेले. स्थलांतर, दारू आणि भांडणे यांसाठी ते ओळखले जाई. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर आणि पुढे आदर्श गाव योजनेच्या काळात समतल चर, बंधारे, वृक्षलागवड, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान यांतून गाव सावरले. शेतीसाठी कूपनलिका खोदावयाची नाही आणि ऊस-केळीसारखी अधिक पाण्याची पिके घ्यावयाची नाहीत, हे निर्बंध गावाने स्वीकारले. २०२० मध्ये पवार यांना पद्मश्री जाहीर झाली.

प्रसारमाध्यमांनी या गावाचे एक पात्र केले. ‘लक्षाधीशांचे गाव’, ‘चमत्काराचे गाव’, ‘एका माणसाने बदललेले गाव’ अशी विशेषणे चित्रफितींच्या मथळ्यांत आजही आढळतात. रिअ‍ॅलिटी शोच्या घरातील विशेषणांप्रमाणेच त्यांत अर्धे सत्य आहे आणि तीही गावाला ‘पूर्ण’ करून टाकतात. चमत्कार एकदा घडला की त्यात पुढे सांगण्यासारखे काही उरत नाही. गावाचे स्वतःचे निवेदन मात्र वेगळ्या प्रकारचे आहे. दरवर्षी पडलेला पाऊस मोजला जातो, विहिरींची पातळी पाहिली जाते, आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. माणसांना आणि जनावरांना किती पाणी लागेल, शेतीला किती उरेल, त्यानुसार कोणती पिके घ्यावीत हे ठरते. पाऊस कमी असेल त्या वर्षी या कथनात टंचाई असते आणि ती लपविता येत नाही.

ताळेबंद हे निवेदनाचे एक रूप आहे, आणि त्याचे तीन विशेष इथे महत्त्वाचे ठरतात. ते पुनरावर्ती आहे. प्रत्येक वर्षी नव्याने सांगावे लागते, म्हणून गाव कधीही ‘संपलेले’ पात्र होत नाही. ते कथनाबाहेरील वस्तुस्थितीला उत्तरदायी आहे; पर्जन्यमापकातील पाणी निवेदकाच्या इच्छेने वाढत नाही. आणि त्याचा पहिला श्रोता ग्रामसभा आहे. पाहुणा, पत्रकार किंवा कॅमेरा नंतर येतो. बाहेरच्या प्रेक्षकाने पाठ फिरविली तरी ताळेबंद मांडावाच लागेल. म्हणून हिवरे बाजारचा प्रभाव हा शब्दाच्या मूळ अर्थाने प्रभाव आहे. ते पाहून इतर गावांनी पाऊस मोजावयास आरंभ करावा, अशी शक्यता त्यात असते. प्रसिद्धीत लोक आपल्याकडे पाहतात. प्रभावात लोक आपल्या कामाकडे वळतात. ‘इन्फ्लुएन्सर’ या शब्दात दुसऱ्या अर्थाचा दावा असतो, व्यवहार मात्र बहुधा पहिल्या अर्थाने चालतो.

या मांडणीवर आक्षेप संभवतात. हिवरे बाजारचे कथनही अखेर एका नेत्याभोवती फिरते आणि तिथल्या निर्बंधांमागे गावाच्या एकमताचा दबाव आहे, असे म्हणता येईल. हा आक्षेप गंभीर आहे. कोणाचा आवाज ताळेबंदात येत नाही, हा प्रश्न त्या गावालाही विचारलाच पाहिजे. दुसरा आक्षेप असा, की मोढव्याच्या तरुणापाशी घराण्याची तालीम नाही आणि ग्रामसभाही नाही. मग कथनाबाहेरची कसोटी त्याने कोठून आणावी? हा आक्षेप अधिक मूलभूत आहे. ‘लिटिल चॅम्प्स’च्या मुलांना उपलब्ध असलेली परंपरा हे सांस्कृतिक भांडवल होते आणि ते सर्वांना समान वाटले गेलेले नाही. परंतु सूरज चव्हाणच्या मागे परंपरा नाही, हे म्हणणे समीक्षेच्या दृष्टिदोषातून येते. सोंगाड्याची, वगाची, बतावणीची परंपरा त्याच्या मागे आहे. तिची कसोटीही आहे : हजरजबाबीपणा, लयीचे भान, आणि बलवंताची खिल्ली उडविण्याचे धैर्य. अडचण एवढीच, की ही परंपरा त्याची आहे असे त्याला कोणी सांगितलेले नाही. वाहिनीने त्याला करुणेचा विषय केले, आणि विद्यापीठीय समीक्षेने त्याची दखलच घेतली नाही.

म्हणून या तरुणांनी टिकावे कसे, या प्रश्नातील अर्धा भाग समीक्षेकडे उद्देशून आहे. तमाशाचा अभ्यास तो मोडकळीला आल्यानंतर सुरू झाला आणि दलित आत्मकथनांना ‘साहित्य’ म्हणून मान्यता मिळावयास वाद घालावे लागले. काही सेकंदांच्या चित्रफितींतून आज ग्रामीण महाराष्ट्र स्वतःचे जे निवेदन करू पाहतो आहे त्याचेही संकलन झालेले नाही, त्यातील बोलींची नोंद नाही, आणि जे माध्यम बंद झाले त्याच्याबरोबर त्यातील बरेचसे नष्टही झाले असेल. या सामग्रीतील सारेच मूल्यवान आहे असा दावा करण्याचे कारण नाही. पण चांगले आणि वाईट यांतील भेद दाखविणारी कसोटी समीक्षेने उभी केली नाही, तर पाहणाऱ्यांची संख्या हीच एकमेव कसोटी उरते, आणि तिच्यापुढे पात्राला निवेदक होण्याचे कारण उरत नाही. अंतिम फेरीच्या त्या मंचावर उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाला त्याचे गाणे ही कसोटी आधीच मिळालेली होती. दुसऱ्याला ती त्याच्याच बोलीत मिळू शकते, आणि ती शब्दबद्ध करण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे.